विदर्भाच्या उन्हाळ्यात लाईटखाली भाजी: खोली, ट्युबा, पाणी अन् बिलाचा हिशेब

आधी हिशेब, मंग सामान. जांभळ्या लाईटखाली हिरवागार लेट्यूस डोलतानाचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाह्यले आहेत, अन् ते पाहून गावात दोनचार जणांना तरी वाटतंच की बापा, आता पावसाचं झंझट नको, खोलीतच शेती करू.

तं हे पाहा. मे महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात झाडाच्या कामाचा जेवढा उजेड पडतो, तेवढाच उजेड चांगल्या एलईडीने द्यायचा म्हटलं तर रोजची साधारण साडेपाच युनिट वीज लागते. एका एकरात चार हजाराच्या वर चौरस मीटर असतात, म्हणजे रोजचे बावीस हजार युनिट झाले, अन् तेवढं सूर्य आपल्याला फुकटात देतो, नको नको म्हणेस्तोवर देतो. म्हणून गहू, तूर, कापूस, सोयाबीन हे लाईटखाली घ्यायचं डोक्यातून काढूनच टाका. सोयाबीन तर तसंही रात्र मोठी मिळाली तरच फुलावर येतं, सोळा तास लाईट दिला तर नुसता पालाच वाढत राहील. अमेरिकेत एरोफार्म्स नावाची मोठी कंपनी होती, तिने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी फार्मिंग २०२४ मध्ये बंदच पडली, अन् हे लोक काही गहू पिकवत नव्हते, पालेभाजीच करत होते, पैसाही चिक्कार होता.

मंग आपण कायले करायचं? कारण आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे उजेड कमी नाही, एप्रिल ते जून गारवा कमी आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवतच नाही (तिशीच्या वर माती तापली की धने नाटकं करतात), पालक लगेच फुलावर जातो, मेथी करपते, मिरची-टमाटरची कोवळी रोपं एकतर उन्हाने जातात नाही तं पांढरी माशी अन् थ्रिप्स (फुलकिडे) त्यात व्हायरस घेऊन येतात. खोलीत गारवा करता येतो पण खोलीत ऊन येत नाही, म्हणून लाईट. बस, एवढंच कारण. लाईट हे गारव्यात बसायचं भाडं आहे असं समजा, अन् भाडं परवडेल तेवढीच जागा घ्या.

काय लावायचं

माझ्या मते इकडे खेड्यात तीनच गोष्टी लाईटखाली जमतात. पहिली मायक्रोग्रीन, म्हणजे मुळा, मोहरी, मेथी यांची आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं कापून विकायची. दुसरी, मिरची-टमाटर-वांग्याची रोपं, पण तीही फक्त पहिले दोन आठवडे. तिसरी, घरापुरता सांबार अन् मेथी. लेट्यूस जमतो पण गावात त्याले कोणी खात नाही, नागपूर-अमरावतीच्या हॉटेलात आधी बोलणं झालं असेल तरच लावा.

घरापुरता सांबार म्हटलं ते मुद्दाम म्हटलं. विकायसाठी सांबार लाईटखाली लावणं म्हणजे तोटा, पुढे आकडे देतोच.

खोली

मातीच्या जाड भिंतीची जुनी खोली असेल तर सोन्याहून पिवळं, टिनाची असेल तर सोडून द्या, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, टिनाखाली कोणतंच कूलर पुरत नाही. स्लॅबची खोली असेल तर वरच्या मजल्याची नको, खालची उत्तरेकडची घ्या, अन् वर गच्चीवर चुना मारा किंवा तुराट्या-पऱ्हाट्या अंथरा, फरक पडतो. आतून भिंती पांढऱ्या करा, साधा चुना चालतो, उजेड परत ट्रेवर येतो. रॅकच्या तिन्ही बाजूने पांढरं फ्लेक्स लावा, लग्नाचे अन् वाढदिवसाचे बॅनर असतात ना, त्याची मागची पांढरी बाजू आत, चमकणाऱ्या पन्नीपेक्षा पांढरा रंग उजेड सारखा पसरवतो. समोरची बाजू मात्र मोकळी ठेवा, हवा पाहिजे.

आता कूलर. एसीच्या नादी लागू नका. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४५ असताना चांगल्या वाळ्याच्या ताटीचं कूलर तोंडाशी २८-२९ ची हवा देतं, वीज दीड-दोनशे वॅट, अन् सोबत दमटपणाही मिळतो जो कोवळ्या रोपाले पाहिजेच असतो. अजून एक फायदा, कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतं, झाडाले जो कार्बन डायऑक्साईड लागतो तो आपोआप येत राह्यते, एसीच्या बंद खोलीत तो संपतो अन् वाढ मंदावते. फक्त हवा बाहेर जायले समोरच्या भिंतीत खिडकी किंवा झरोका उघडा पाहिजे, नाही तं खोलीत उमस होते. खिडकीले बारीक जाळी लावा, चाळीस मेशची चालते, बारीक मिळाली तर अजून चांगलं पण मंग हवा कमी जाते, जाळी मोठी घ्यावी लागते. कूलरच्या मागेही जाळीचा डबा करून घ्या, माशी तिकडूनच येते.

ट्युबा जितके वॅट खातात तितकी गरमी खोलीत सोडतात, एलईडी असो की काही असो. पुढे सांगतो त्या बारा ट्युबा मिळून २४० वॅट होतात, म्हणजे छोटा हिटर दिवसभर चालू. म्हणून लाईट दिवसा लावूच नका. संध्याकाळी सातला चालू, सकाळी नऊला बंद. रात्री बाहेर पारा उतरतो, खोली सोसते, अन् दिवसा कडक उन्हात रोपं अंधारात झोपलेली असतात, तेव्हा त्यांले पाणीही कमी लागतं. झाडाले घड्याळ कळत नाही, त्याची रात्र कधी करायची ते आपल्या हातात आहे.

लाईट

जांभळे ग्रो लाईट घेऊ नका. ऑनलाईन "१००० वॅट" लिहून येतात अन् प्लगमध्ये मीटर लावून पाह्यलं तर शंभर-सव्वाशे वॅटही खात नाहीत. लाल अन् निळा उजेड झाडाले जास्त कामाचा असतो हे खरं आहे, पण पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतातच. मुळात पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिलेला दिवा असतो. जपानात जन्मलेल्या ज्या तीन शास्त्रज्ञांनी हा निळा एलईडी जमवला, अकासाकी, अमानो अन् नाकामुरा, त्यांले २०१४ चं नोबेल मिळालं, त्यांच्यामुळेच ही चर्चा आपण गावात बसून करू शकतो. अन् जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं की हिरवं आहे हे डोळ्याले दिसत नाही, रोग कळेपर्यंत ट्रे गेलेला असतो.

साधी चार फुटी २० वॅटची एलईडी बॅटन घ्या, ६५०० केल्विनची, पांढरीफटक. दोनअडीचशेत येते, गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, खराब झाली तर तिथंच वॉरंटी. डब्यावर ल्युमेन (दिवा किती उजेड देतो त्याचं माप) पाहा, २००० किंवा जास्त पाहिजे, ज्या डब्यावर ल्युमेन लिहिलेलंच नाही ती घेऊ नका.

रॅक स्लॉटेड अँगलचा करा, चार फूट लांब, पावणेदोन फूट खोल, तीन कप्पे, कप्प्यात दीड फुटाचं अंतर. एका कप्प्यात २० बाय १० इंचाचे चार ट्रे आडवे बसतात. कप्प्याले चार ट्युबा, ट्रेपासून आठ-दहा इंचावर. दोरी किंवा साखळीने टांगा म्हणजे खालीवर करता येतात. स्क्रूने पक्क्या ठोकल्या की नंतर ट्रेखाली विटा ठेवत बसावं लागतं.

उजेड पुरतो का हे मोबाईलवर कळतं. लक्स मीटरचं फुकट ॲप टाका, मोबाईल रोपाच्या उंचीवर चित ठेवा, आकडा पाहा. मोबाईलचा आकडा पक्का नसतो पण अंदाजाले बरा. पांढऱ्या एलईडीले लक्सचा आकडा सत्तरने भागला की झाडाच्या भाषेतला आकडा येतो, मायक्रोमोल म्हणतात त्याले. मायक्रोग्रीनले शंभर-दीडशे मायक्रोमोल पुरतात, म्हणजे सात ते दहा हजार लक्स. मेथी-सांबार-लेट्यूसले दोनशेच्या जवळपास पाहिजे, म्हणजे चौदा हजार लक्स, त्यासाठी त्या कप्प्यात चारच्या जागी सहा ट्युबा लागतील. कप्प्याच्या मधात आकडा जास्त अन् टोकाले कमी येतो, म्हणून ट्रे रोज फिरवा.

पण खरं मीटर रोपच असते. दांडा लांब, पांढुरका अन् रोप लवून पडायले लागलं तर उजेड कमी आहे, ट्युबा खाली घ्या. पानं जाडी, कडा वर वळलेल्या किंवा फिक्या पडल्या तर जास्त आहे किंवा गरमी लागते आहे, वर घ्या.

किती तास? मायक्रोग्रीन अन् रोपवाटिकेले चौदा. लेट्यूसले सोळाही चालतात. पण पालक अन् सांबाराले बारापेक्षा जास्त देऊ नका, दिवस मोठा झाला की त्यांले वाटतं फुलावर यायची वेळ झाली अन् पाला सोडून दांडा वर धावतो.

टायमर लावा, पण तो चाव्यांचा गोल मेकॅनिकल टायमर नको. लाईन गेली की तो थांबतो, अन् तितकाच मागे पडतो, आपल्याकडे आठवडाभरात तो दिवसाची रात्र करून टाकतो. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. लाईन दोन-चार तास गेली तर घाबरू नका, अंधाराने रोप मरत नाही, एक दिवस पूर्ण गेला तरी फारतर थोडं लांबुडकं होईल. इन्व्हर्टरवर लाईट चालवायच्या भानगडीत पडू नका, इन्व्हर्टरवर पंखा ठेवा, कारण दुपारी लाईन गेली अन् हवा थांबली तर गरमीने नुकसान होतं, अंधाराने नाही.

याच कारणाने मी पाईपातल्या वाहत्या पाण्याची हायड्रोपोनिक्स इकडे सांगत नाही. त्यात मुळं पाईपात उघडी असतात, उन्हाळ्यात मोटर थोडा वेळ बंद पडली की मुळं सुकायले लागतात. डीपी जळाली तर बदलून येईपर्यंत कोण थांबणार? ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात रोप, खालून पाणी. लाईन असो नसो, दिवसभर ओल राहते.

माती नको, कोकोपीट

आपली काळी माती शेतात राणी आहे, ट्रेमध्ये कामाची नाही. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, दीड इंचाच्या ट्रेमध्ये तिचा निचरा होतच नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट घ्या, फुगून साठ-सत्तर लिटर होते. समुद्राकाठचा माल असतो, त्यात मीठ असतं, म्हणून भिजवून दोन-तीन पाण्याने धुवा अन् निथळलेलं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) मोजा, आपल्या साध्या पाण्याच्या जवळ आकडा आला की झालं. वरून "धुतलेला" लिहिलेला असला तरी एकदा मोजाच.

टीडीएस मीटर म्हणजे पेनासारखं येते ते, फार महाग नाही, अन् ते नसेल तर हे काम सुरूच करू नका, कारण विदर्भात पाणी हा मोठा प्रश्न आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, बोअरचं पाणी ट्रेमध्ये टाकलं तर आठवडाभरात पानाच्या कडा जळतात, त्यात कोणतंच खत कामाचं नाही. ३०० पर्यंत टीडीएस असेल तर डोळे मिटून वापरा, ५००-६०० पर्यंत सांभाळून, हजाराच्या वर असेल तर नाही म्हणजे नाही. गावात आरओचं प्लांट असेल तर ते पाणी अन् विहिरीचं पाणी मिसळून आकडा खाली आणा. सगळ्यात चांगलं पावसाचं, छपराचं पाणी टाकीत साठवलं तर मे महिन्यापर्यंत तेच सोनं आहे, कारण या तीन कप्प्यांले दिवसाला फार पाणी लागत नाही, एखाद-दोन बकेट.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली त्याचा आकडा, आपल्या विहिरींचा साडेसात-आठच्या पुढेच असतो. झाडाले साडेपाच ते साडेसहा आवडतो. मायक्रोग्रीनसाठी याची काळजी करू नका, आठ दिवसात त्यांले फरक पडत नाही. लांबच्या पिकाले फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब टाकून खाली आणतात, हातमोजे घाला, ॲसिड पाण्यात टाका, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबू पिळून पीएच उतरतो पण दोन दिवसात परत वर जातो.

खत

मायक्रोग्रीनले खत लागतच नाही, बी आपलं डबडं घेऊन आलेलं असतं. रोपवाटिका अन् पालेभाजीले पहिलं खरं पान आलं की सुरू करा. घरी ड्रिपचं १९:१९:१९ असतंच, ते एका लिटरले अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करून एक ग्रॅमपर्यंत न्या. त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून आठवड्यातून दोनदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरले, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच डब्यात घट्ट घोळू नका, खाली पांढरा गाळ बसतो अन् फॉस्फरस-कॅल्शियम दोन्ही वाया जातात, फवारणीवाल्यांले हे माहीतच आहे. महिन्यातून एक-दोनदा चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट अन् सूक्ष्म अन्नद्रव्यं.

खत घातलेल्या पाण्याचा आकडा साध्या पाण्यापेक्षा सहाशे-आठशेने वाढला की बस, त्याच्या पुढे हाव करू नका. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं काळी पडली तर लगेच कॅल्शियम ओतू नका, आधी पंखा लावा. हवा हलत नसली की आतल्या पानापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही, पाण्यात कितीही असो.

बी, अन् इथं जरा लक्ष द्या

मायक्रोग्रीनसाठी कृषी केंद्रातलं बियाण्याचं पाकीट वापरू नका. त्या बियांले गुलाबी, निळं, हिरवं औषध लावलेलं असतं, थायरमसारखं, ते शेतात पेरायले ठीक आहे, पण इथं आपण आठव्या दिवशी तेच रोप कच्चं खाणार आहोत. किराणा दुकानातली मोहरी, मेथी, धने घ्या, जे खायचंच असतं. मुळ्याचं बी किराण्यात मिळत नाही, ते औषध न लावलेलं मागा, रंग नसलेलं, अन् पाकिटावर वाचून घ्या.

ज्वारी घरात पोत्याने पडलेली असते म्हणून तिचे मायक्रोग्रीन करायचा मोह होतो. करू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, कोवळी ज्वारी खाऊन ढोरं मरतात हे आपण पाह्यलेलं आहे, माणसाले काही वेगळं होणार नाही. लाखोळी नको. टमाटर, वांगे, मिरची, आलू यांची कोवळी पानंही खायची नसतात. गहू चालतो, करडई चालते, मूग चालतो, अंबाडी तर मस्त लागते, आंबट.

पेरणी सोपी आहे. ट्रेमध्ये एक इंच ओलं कोकोपीट, हाताने सपाट, दाबायचं नाही. मोहरी एका ट्रेले १५-२० ग्रॅम, मुळा ३० च्या आसपास, मेथी ४०. मेथी रात्रभर भिजवा, मुळा चार-पाच तास, मोहरी अन् जवस भिजवू नका, चिकट होतात अन् गोळे बनतात. बी वरच पसरवा, झाकू नका, स्प्रेने पाणी मारा, वरून रिकामा ट्रे उलटा नाही, सरळ ठेवा अन् त्यावर दोन-तीन किलोचं वजन, फरशीचा तुकडा किंवा वीट. वजनाने मुळं खाली घुसतात अन् बियांची टरफलं निघतात. दोन-तीन दिवस अंधारात. पिवळी रोपं वजन उचलायले लागली की वजन काढा, लाईटखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी हिरवी होतात. इथून पुढे वरून पाणी मारणं बंद, खालच्या बिनभोकाच्या ट्रेमध्ये पाणी ओता, अर्धा तास ठेवा, उरलेलं काढून टाका. वरून पाणी मारत राह्यलं की बुंध्याशी बुरशी येते. मुळाशी पांढरा कापूस दिसला तर लगेच बुरशी समजू नका, मुळ्याच्या बारीक केसाळ मुळ्या तशाच दिसतात, पाणी मारलं की नाहीशा झाल्या तर मुळ्या, राह्यल्या अन् वास आला तर बुरशी, तो ट्रे बाहेर.

कापणी संध्याकाळी लाईट लावायच्या आधी, रोपं कोरडी असताना, धारदार कात्रीने. धुऊन भरू नका, ओलं भरलं की दुसऱ्या दिवशी चिकट. घेणाऱ्याले सांगा धुऊन खा. फ्रीजमध्ये पाचेक दिवस राह्यते.

सांबारासाठी धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, भिजवा, अन् कूलरसमोरचा सगळ्यात खालचा कप्पा द्या, तो गार असतो. आठ-दहा दिवस काहीच दिसणार नाही, उकरून पाहू नका.

रोपवाटिका

माझ्या मते खेड्यात लाईटचा सगळ्यात शहाणा उपयोग हाच आहे. भिवापूरकडे किंवा कुठंही मिरची लावणारा माणूस मे-जूनमध्ये रोपासाठी तळमळत असतो. ९८ कप्प्यांचा प्रोट्रे, कोकोपीट, एका कप्प्यात एक बी, वरून पातळ थर, उगवेपर्यंत लाईट नको पण ऊब पाहिजे, मिरचीले २५ ते ३०, जी आपल्या खोलीत फुकट आहे. उगवण दिसली की त्याच दिवशी लाईटखाली, उशीर केला की मान लांब होते. दोन आठवडे जाळीच्या खोलीत, म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस पांढरी माशी अन् थ्रिप्सपासून लांब. मंग शेडनेटमध्ये बाहेर काढा, पण एकदम नाही, पहिले दोन-तीन दिवस फक्त सकाळची उन्हं, खोलीतलं रोप कोवळं असतं, थेट उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत पांढरं पडते. इथं बी औषध लावलेलंच घ्या, हे रोप काही खायचं नाही. मर रोग येऊ नये म्हणून कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीले मारणारी कामाची बुरशी) मिसळा, कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

बिल

तीन कप्पे, बारा ट्युबा, २४० वॅट. चौदा तास म्हणजे रोजचे तीन-साडेतीन युनिट, महिन्याले शंभर. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे गेलं की दर एकदम चढतो, अन् घराचे तं शंभर आधीच झालेले असतात, म्हणून हिशेबाले ढोबळ दहा रुपये युनिट धरा, खरा दर आपल्या बिलावर पाहा. हजार रुपये नुसत्या लाईटचे, कूलर वेगळं.

आता तेवढ्यात काय निघतं? मायक्रोग्रीनचे महिन्याले चाळीसेक ट्रे निघाले अन् ट्रेले दोनशे ग्रॅम धरले तर आठ किलो, म्हणजे किलोमागे सव्वाशे रुपये वीज. शहरात हॉटेल किंवा दुकानवाला ठरलेला असेल तर हे परवडते, नसेल तर गावात एक किलोही खपणार नाही. सांबाराचे बारा ट्रे महिना-सव्वा महिना अडकतात अन् सगळे मिळून दोनेक किलो निघतो, म्हणजे किलोले पाचशेच्या वर वीजच. बाजारात उन्हाळ्यात कितीही महाग झाला तरी एवढा होत नाही. म्हणून म्हटलं घरापुरता, एक ट्रे, हौस म्हणून. रोपांचं पाहा: बारा प्रोट्रे म्हणजे ११७६ रोपं, दोन आठवड्याचे पाचशे रुपये, म्हणजे रोपामागे चाळीस-पंचेचाळीस पैसे, अन् महिन्यात दोन खेपा होतात. त्यात बी अन् कोकोपीट मिळवा, गावात रोप कितीले जातं ते तुम्हाले माहीत आहे.

शेतीपंपाच्या लाईनवर हे चालवू नका, ते कनेक्शन पंपासाठी आहे, वर तिकडची लाईन कधी दिवसाची कधी रात्रीची. घरच्या मीटरवर घरापुरतं ठीक, विकायले लागलात की महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या कोणत्या वर्गात बसतं. छपरावर सोलर असेल तर गोष्ट बदलते, एक किलोवॅट साधारण चार युनिट रोजचे देते, दिवसा लाईनले द्यायचे अन् रात्री परत घ्यायचे. पीएम सूर्यघरमध्ये दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटले ३० हजार सबसिडी आहे. छपरावर ऊन पकडायचं, तारेतून फिरवायचं अन् खाली खोलीत ट्यूब पेटवायची, ऐकायले येडपटच वाटते, पण वर ४५ चं ऊन अन् खाली २८ ची खोली, त्यामुळे चालून जाते.

करंट

पाणी अन् वीज एका रॅकवर आहे, म्हणून यात काटकसर नको. रॅक लोखंडी आहे, त्याले अर्थिंग द्या. ३० मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं बटन) लावा, एमसीबी वेगळं, एमसीबी माणसाले वाचवत नाही, ते वायर वाचवतं. सगळे सॉकेट ट्रेच्या वर, अन् वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबू द्या म्हणजे पाणी ओघळलं तरी तिथून गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. कूलरच्या बॉडीचं अर्थिंग वेगळं तपासा, दर उन्हाळ्यात कूलरचे शॉक लागून लोक जातात. टाकीत पाणी भरताना कूलर बंद, पोट्ट्यांले खोलीत एकटं जाऊ देऊ नका.

पाऊस लागला की कूलर काढा, दमट हवेत ते काहीच गार करत नाही, उलट बुरशी वाढवते. तेव्हा फक्त पंखा, रात्रभर, रोपांची पानं हलकी हलतील एवढा. बी जरा पातळ पेरा. अन् वीज कडाडायले लागली की ट्युबांचे प्लग काढून ठेवा, एका कडाक्यात ट्युबांच्या आतले बाराच्या बारा ड्रायव्हर (सर्किट) जातात. ट्रे दर खेपेनंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा, ऊन आहेच.